छपराचा वाद आणि छपराखालचा हिशेब

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूला पायाचा स्पर्श क्वचितच होतो. लांबट चेंडू हाताशी धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जाण्याचा तो खेळ आहे. आपल्याकडे तो फारसा कोणी खेळत नाही आणि त्याचे नियम ठाऊक नसल्याने कोणाचे काही अडलेलेही नाही. तरीही त्या खेळाच्या चाहत्यांत गेली अनेक वर्षे चालू असलेल्या एका वादाकडे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे, असे मला वाटते. हा वाद छपराचा आहे. टेक्सास राज्यातील डॅलस काउबॉईज या संघासाठी २००९ साली आर्लिंग्टन शहरात उघडता-मिटता येणारे छप्पर असलेले अवाढव्य स्टेडियम उभे राहिले आणि या संघाच्या प्रतिस्पर्ध्यांचे चाहते त्यावर तुटून पडले. त्यात विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्स या संघाचे चाहते होतेच. या दोन संघांचे वैर जुने आहे, आणि त्या वैराच्या मुळाशी हवामानच आहे.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे या दोन संघांत अजिंक्यपदाचा सामना झाला. त्या दिवशी तापमान शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत उतरले होते. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, तेव्हा शिट्ट्या बाजूला ठेवून त्यांना तोंडाने ओरडून खेळ चालवावा लागला. पॅकर्सनी तो सामना अगदी अखेरच्या क्षणांत २१-१७ असा जिंकला. त्या दिवशी मैदानात सुमारे पन्नास हजार प्रेक्षक होते. परंतु आपण तेथे जातीने हजर होतो असे सांगणाऱ्यांची संख्या, आपल्याकडील बेचाळीसच्या भूमिगतांप्रमाणेच, वर्षागणिक वाढतच गेली असावी. ज्या चाहत्यांची श्रद्धा अशा दिवसावर पोसली गेली, त्यांना वातानुकूलित सभागृहातला फुटबॉल म्हणजे धर्मभ्रष्टता वाटली तर नवल नाही. खेळ आकाशाखालचा आहे, पाऊस, बर्फ आणि वारा हेही त्यातले गडी आहेत, छपराखाली होतो तो तमाशा, अशी त्यांची मांडणी असते. दुसरी बाजू म्हणते की, टेक्सासच्या ऑगस्ट-सप्टेंबरातील उन्हात मुलाबाळांना घेऊन तीन तास बसून पाहा आणि मग बोला.

या मुद्द्यावर माझा कौल डॅलसवाल्यांच्या बाजूने आहे. आठवडाभर कारखान्यात राबलेल्या माणसाने एका दंतकथेसाठी गारठून मरावे, असे काही कोणावर बंधन नाही. प्रेक्षकाच्या डोक्यावर सावली असणे ही चैन नव्हे. शिवाय ग्रीन बेच्या त्या पवित्र थंडीची एक गोष्ट तिचे भक्त हळू आवाजात सांगतात. त्याच वर्षी पॅकर्सचे प्रशिक्षक विन्स लोंबार्डी यांनी सुमारे ऐंशी हजार डॉलर खर्चून मैदानाच्या मातीखाली विजेच्या तारांचे जाळे अंथरून घेतले होते. जमीन गोठू नये, हा त्यामागचा हेतू. ऐन सामन्याच्या दिवशी ती यंत्रणा निकामी झाली आणि ओलसर जमीन काचेसारखी कडक झाली. म्हणजे ज्याला निसर्गाशी झुंज म्हणून मिरवले जाते, ती एका बिघडलेल्या यंत्राची करामत होती! यंत्राशी आपले वैर नाही, आणि छप्पर उघडणाऱ्या मोटारींशीही नाही.

मात्र यंत्र कशासाठी बसविले आणि त्याचे दाम कोणी मोजले, हे विचारायला हवे. आर्लिंग्टनचे छप्पर सुमारे बारा मिनिटांत उघडते असे सांगतात. प्रत्यक्षात ते बहुतेक सामन्यांना मिटलेलेच असते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, दोन वर्षांच्या खंडानंतर, एका सामन्यापूर्वी ते उघडावयास घेतले, तर वाऱ्याच्या झोताने धातूचा एक तुकडा सुटून खाली मैदानावर आला आणि छप्पर पुन्हा मिटून घ्यावे लागले. त्याआधी २०११ च्या फेब्रुवारीत छपरावरून घसरलेल्या बर्फाने खालच्या माणसांना जखमी केले होते. पहिल्याच मोसमात, ऑगस्ट २००९ मध्ये, मैदानावर टांगलेल्या राक्षसी पडद्याला उंच मारलेला चेंडू जाऊन धडकला होता. पॅकर्सच्या चाहत्यांना हे किस्से तोंडपाठ आहेत आणि ते सांगताना त्यांना जो आनंद होतो, तो मी समजू शकतो. पण हसून झाल्यावर ते थांबतात. खरी गोष्ट त्यापुढे सुरू होते.

आर्लिंग्टन हे साडेतीन लाखांवर वस्तीचे शहर. त्या काळी सार्वजनिक बससेवा नसलेले अमेरिकेतील सर्वांत मोठे शहर अशी त्याची ख्याती होती. २००२ साली बससेवेसाठी विक्रीकरात किंचित वाढ करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला व त्यांनी तो फेटाळला. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, त्याच मतदारांपुढे स्टेडियमसाठी विक्रीकरात अर्धा टक्का, हॉटेलांच्या भाड्यावर दोन टक्के आणि भाड्याच्या मोटारींवर पाच टक्के वाढ मागण्यात आली. ती सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाली! विक्रीकर हा गरिबाच्या खिशाला अधिक जाचतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बसची वाट पाहणाऱ्या मोलकरणीने साबणाच्या वडीवर भरलेला अर्धा टक्का छपरासाठी गेला. नगरपालिकेचा वाटा साडेबत्तीस कोटी डॉलरांचा ठरला. एकूण खर्च १२० कोटींच्या घरात गेला. जागेसाठी राहती घरे आणि लहान दुकाने सक्तीच्या संपादनाने घेण्यात आली. २००५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने खाजगी लाभासाठी अशी सक्ती करण्यास आळा घालणारा कायदा केला, आणि त्यातून हे एक स्टेडियम अलगद वगळले.

येथे कोणी म्हणेल, ते स्टेडियम तर नगरपालिकेच्याच मालकीचे आहे. मग समाजवाद्याने तक्रार का करावी? हा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. कागदावर मालक आर्लिंग्टन शहर आहे, हे खरे. संघ शहराला वर्षाला वीस लाख डॉलर भाडे देतो. २०१३ साली एका दूरध्वनी कंपनीने स्टेडियमला आपले नाव लावले. त्यापोटी वर्षाला दीड कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळते, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्यातून शहराचा वाटा पाच टक्के, तोही पाच लाखांच्या वर जाऊ नये अशा अटीसह. तिकिटे, धनिकांसाठीच्या खास खोल्या, वाहनतळ, खाद्यपेये यांचे उत्पन्न संघाचे. नाव सार्वजनिक मालकीचे आणि वहिवाट खाजगी, हा प्रकार आपल्याकडच्या जमिनींच्या व्यवहारात पाहिलेल्या कार्यकर्त्यांना परका वाटणार नाही. केवळ सातबाऱ्यावर समाजाचे नाव चढले म्हणजे काम संपले, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी आर्लिंग्टनचा करार अवश्य अभ्यासावा.

आणि मुळात अशा छपरांची हाव सुटते का? हे चाहत्यांच्या वादात फारच थोडे बोलले जाते. नॅशनल फुटबॉल लीगचे बत्तीस संघ दूरचित्रवाणीचे उत्पन्न आपसांत समान वाटून घेतात. १९६१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यासाठी मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. लहानशा ग्रीन बेला न्यू यॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळतो. मालकांनी एकमेकांसाठी चालविलेला हा एक प्रकारचा समाजवादच आहे, आणि तो उत्तम चालतो! परंतु स्टेडियममधील खास खोल्या आणि स्थानिक जाहिराती यांचे उत्पन्न या वाटणीत बहुतांशी येत नाही. ते ज्याचे त्याच्याकडे राहते. १९९५ साली काउबॉईजचे मालक जेरी जोन्स यांनी लीगला बगल देऊन पेप्सी आणि नायके या कंपन्यांशी परभारे करार केले. लीगने त्यांच्यावर ३० कोटींचा दावा लावला, त्यांनी लीगवर ७५ कोटींचा प्रतिदावा ठोकला, आणि वर्षभराने दोघांनीही तडजोड केली. तेव्हापासून वाट मोकळी झाली. जे वाटून घ्यावे लागत नाही ते वाढवायचे, म्हणजे स्टेडियम वाढवायचे. छप्पर असले की बाराही महिने संगीताचे जलसे, मुष्टियुद्धे, मेळावे भरविता येतात. पावसापासून प्रेक्षकाचे रक्षण हा त्याचा गौण उपयोग, तारखा वाया जाऊ न देणे हा मुख्य. जोन्स यांनी १९८९ साली सुमारे १४ कोटी डॉलरांना घेतलेल्या या संघाची किंमत २०२४ साली फोर्ब्सने हजार कोटी डॉलरांहून अधिक धरली.

शहराला काय मिळाले? अशा स्टेडियमांनी शहराची भरभराट होते हा दावा रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ सालीच तपासून निकालात काढला होता. अन्य प्रश्नांवर एकमेकांचे तोंड न पाहणारे अर्थशास्त्रज्ञही या एका बाबतीत बहुधा सहमत होतात. आर्लिंग्टनचे पदाधिकारी मात्र कर्ज मुदतीपूर्वी फिटते आहे, असे अभिमानाने सांगत. मग कर उतरला का? नाही. २०१६ साली सुमारे ६० टक्के मतांनी तोच कर पुढे चालविण्यात आला, बेसबॉलच्या संघाला नवे स्टेडियम देण्यासाठी. त्यांचे जुने १९९४ चे होते, म्हणजे जेमतेम बावीस वर्षांचे. त्याचा मुख्य दोष हा की, त्याला छप्पर नव्हते. नवे २०२० साली उघडले आणि तेही उघडमिटीचेच आहे.

आता ग्रीन बेकडे वळू. लोकवस्ती सुमारे एक लाख सात हजार. संघाचे 'पॅकर्स' हे नाव मांस डब्यात भरणाऱ्या कारखान्यावरून आलेले. १९१९ साली त्या कारखान्याने गणवेशासाठी पैसे दिले. १९२३ साली संघ डबघाईला आला तेव्हा गावाने पाच-पाच डॉलरांचे भाग घेऊन तो तारला. तेव्हापासून त्याला धनी नाही. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. भागावर लाभांश नाही, तो नफ्याने विकता येत नाही, आणि कोणालाही ठराविक मर्यादेपलीकडे भाग घेता येत नाहीत. संघ बरखास्त झालाच, तर पैसा धर्मादाय निधीकडे जाईल. त्यामुळे हा संघ कोणाला उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही आणि 'छप्पर द्या, नाहीतर जातो' असे गावाला धमकावताही येत नाही. लीगमध्ये आपले जमाखर्च दरवर्षी जाहीर करणारा हा एकच संघ. इतर मालकांच्या पदरात किती पडते याचा अंदाज लोक याच्याच वहीवरून बांधतात. लीगने पुढे नियम करून असा दुसरा संघ निर्माण होण्याची वाट बंद केली, यावरूनच मालकांना त्याची किती भीती वाटते ते कळावे.

तरीही आरती ओवाळण्याची घाई करू नये. सन २००० मध्ये ग्रीन बेच्या परिसरातही स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर बसविला गेला, तो २०१५ पर्यंत चालला. तोही साबणाच्या वडीवरच होता. भागधारकांचे मत संचालक निवडण्यापुरते. तिकिटाचा दर ठरविताना त्यांना कोणी विचारीत नाही. मोसमी तिकिटासाठी प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत, लोक जन्मलेल्या मुलाचे नाव तीत घालतात. बर्फ पडला की संघ गावकऱ्यांना फावडी घेऊन बोलावतो आणि ताशी मजुरी देतो. ही प्रथा मला आवडते, पण तिला श्रमदान म्हणू नये.

६ फेब्रुवारी २०११ रोजी लीगच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना आर्लिंग्टनच्या त्याच छपराखाली झाला. गर्दीचा विक्रम व्हावा म्हणून तात्पुरती आसने ठोकली होती. त्यांतील सुमारे १२५० आसने ऐन वेळी असुरक्षित ठरली आणि तिकीट हाती असलेल्या चारशे जणांना आसनच मिळाले नाही. सामना पॅकर्सनी जिंकला, पिट्सबर्गविरुद्ध ३१-२५. धनी नसलेल्या संघाने धनिकाच्या मंदिरात अजिंक्यपद पटकावले! ग्रीन बेच्या चाहत्यांसाठी छपराचा वाद त्या रात्रीच निकालात निघाला. मार्चमध्ये लीगच्या मालकांनी खेळाडूंविरुद्ध टाळेबंदी पुकारली, ती जुलैपर्यंत चालली. त्या टाळेबंदीत पॅकर्सही इतर एकतीस संघांच्या बरोबरीने मालकांच्याच बाजूला उभे होते. पाच डॉलरांच्या भागाने जी मालकी आली, तिने कामगारांशी वेगळे वागावे अशी मागणी कोणत्याही वार्षिक सभेत झाल्याचे माझ्या वाचनात नाही. डिसेंबरमध्ये संघाने नवे भाग विकावयास काढले. अडीचशे डॉलरांचा एक भाग, त्यातून उघड्या आकाशाखाली आणखी सहा हजार सातशे आसने. या वेळी विक्रीकर मागितला नाही. भाग घेण्यासाठी पहिल्याच दिवसापासून झुंबड उडाली.