आधी कळू द्या

३० मे २०२१ रोजी कांदिवली पश्चिमेच्या हिरानंदानी हेरिटेज सोसायटीत करोना लसीकरणाचे शिबिर भरले. सुमारे ३९० रहिवाशांनी माणशी १,२६० रुपये मोजून लस टोचून घेतली. टोचताना फोटो काढू दिले नाहीत, पैसे रोख घेतले, आणि नंतर कुणाला ताप आला नाही की कुणाचा दंड दुखला नाही. प्रमाणपत्रे आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने. तिथे चौकशी केली तर त्या रुग्णालयांना या शिबिराचा पत्ताच नव्हता. तक्रार झाली, अटका झाल्या. मुंबईत अशी किमान ९ बनावट शिबिरे झाली आणि २,०५३ लोक त्यांत फसले, अशी माहिती राज्य सरकारने त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयाला दिली.

फसलेली माणसे शिकलेली होती, नोकरदार होती, रोज वर्तमानपत्र वाचणारी होती. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली होती, पण लशीचा साठा अपुरा होता आणि कोविनवर वेळ मिळवता मिळवता लोक रडकुंडीला आले होते. एप्रिलमध्ये ज्यांनी शेजारचा दरवाजा कायमचा बंद झालेला पाहिला, त्यांना लस सोसायटीच्या आवारात येते म्हटल्यावर शंका काढायला उसंत कुठून असणार? पालिकेच्या विभाग कार्यालयाला फोन करून ‘हे शिबिर तुमच्या नोंदीत आहे का’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर हा प्रकार तिथेच थांबला असता. पण तो प्रश्न कुणाला विचारायचा, हे त्या संकुलात किती जणांना ठाऊक होते?

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या साथीत औषध, खाट आणि प्राणवायू या सगळ्यांच्या आधी लागते ती खात्रीची बातमी. ती रोज मिळाली पाहिजे, घराजवळ मिळाली पाहिजे आणि वाईट असली तरी मिळाली पाहिजे. या तिन्ही बाबतींत मुंबईच्या उपनगरांनी २०२० ते २०२२ या काळात चांगले आणि वाईट असे दोन्ही अनुभव घेतले. चांगले जे होते ते टिकवण्याची तजवीज मात्र आपण केलेली नाही, हे आमचे दुखणे आहे.

वाईट आधी सांगू. १६ जून २०२० रोजी राज्याच्या मृत्यूंच्या आकड्यात एका दिवसात १,३२८ जुन्या मृत्यूंची भर पडली. त्यातले ८६२ मृत्यू एकट्या मुंबईतले होते. ती माणसे आधीच गेली होती, नोंद मात्र मागाहून झाली. त्याच आठवड्यात दुसरा वाद पेटला होता. प्रयोगशाळांनी बाधितांचे अहवाल थेट रुग्णाला न देता आधी पालिकेला द्यावेत, असा आदेश पालिकेने काढला होता. लक्षणे नसलेले लोक घाबरून खाटा अडवतील, ही पालिकेची भीती निराधार नव्हती. पण स्वतःच्या आजाराचा कागद स्वतःलाच मिळू नये, हे कुणी कसे सोसावे? १९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने अहवाल रुग्णाला किंवा नातेवाइकांना दिलाच पाहिजे, असे महाराष्ट्राला बजावले. आकडा दडला किंवा कागद अडला की लोक दुसरीकडे उत्तर शोधतात. आणि दुसरीकडे म्हणजे मोबाइलवर फिरणारा, कुणी लिहिला हे ठाऊक नसलेला मजकूर.

अशा मजकुराचे आणि अर्धवट बातमीचे परिणाम या शहराने डोळ्यांनी पाहिले आहेत. १४ एप्रिल २०२० रोजी गावी जाणाऱ्या गाड्या सुटणार, अशी हूल उठली आणि वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, या निव्वळ थापेने राज्यातले कुक्कुटपालक देशोधडीला लागायची वेळ आली. मागे जायचे तर थेट १८९६ च्या प्लेगपर्यंत जावे लागेल. त्या ऑक्टोबरात हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. तेच रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखले जाते, आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना संशयित तिथेच ठेवले गेले. सव्वाशे वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेले. पण आत काय चालले आहे हे बाहेरच्याला कुणी सांगितले नाही तर त्याच्या मनात जे भरते, ते बदललेले नाही.

आता चांगले. सुरुवातीला साऱ्या शहराची भिस्त पालिकेच्या १९१६ या एका मदत क्रमांकावर होती आणि तो क्रमांक लागता लागत नव्हता. जून २०२० मध्ये पालिकेने २४ विभागांत २४ वॉर रूम उघडल्या. अंधेरीकराने के पूर्व किंवा के पश्चिमला, घाटकोपरकराने एनला, मुलुंडकराने टीला, बोरिवलीकराने आर मध्यला फोन करायचा. बाधितांची यादी विभागाकडे येई, तिथले डॉक्टर स्वतः फोन करून श्वास कसा आहे, मधुमेह आहे का, घरात वेगळी खोली आहे का, हे विचारत आणि मग घरी थांबायचे की मरोळच्या सेव्हन हिल्समध्ये, गोरेगावच्या नेस्कोत, मुलुंड-दहिसरच्या जम्बो केंद्रात जायचे, ते ठरे. सगळ्यांचा अनुभव सुखाचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेत ४ एप्रिल २०२१ रोजी शहरात एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले, तेव्हा ही यंत्रणाही वाकली. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला आपला विभाग ओळखणारा माणूस होता. त्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राणवायूच्या व्यवस्थापनाबाबत दिल्लीला मुंबईकडून शिकायला सांगितले.

तिसऱ्या लाटेतला एक प्रसंग आम्हाला याहून मोलाचा वाटतो. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला, रोजचे रुग्ण २०,००० वर गेले तर टाळेबंदी लावावी लागेल, असे महापौर बोलल्या होत्या. ७ जानेवारीला आकडा २०,९७१ झाला. टाळेबंदी लागली नाही. कारण पालिका रोजच्या पत्रकात नुसते रुग्ण मोजत नव्हती. किती जणांना लक्षणेच नाहीत, किती खाटा भरल्या, किती जणांना प्राणवायू लागला, हेही त्याच कागदावर छापत होती. मोठ्या आकड्याखाली रिकाम्या खाटांचा आकडा लोकांना दिसला आणि शहर घाबरले नाही. हातावर पोट असलेल्या लाखो घरांची चूल त्या एका कागदाने पेटती ठेवली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

खरे सांगायचे म्हणजे चुकलेलेही सांगायचे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘करोना हवेतून पसरत नाही’ असे ठासून सांगितले होते. आपण भाज्या धुतल्या, नोटांना इस्त्री केली, दाराच्या कड्या पुसल्या. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून बंद जागेतल्या हवेकडे लक्ष वेधले. संघटनेला ते नीट मान्य करायला पुढचे वर्ष उजाडले. शास्त्र पुढे जाते तसा सल्ला बदलणारच, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण बदललेला सल्ला जुन्याइतक्याच मोठ्या आवाजात सांगितला गेला नाही. परिणामी आजही साथ म्हटले की लोकांना सॅनिटायझर आठवतो, खिडकी आठवत नाही. उपनगरांत तर ती आधी आठवायला हवी. सीप्झ आणि मरोळच्या काचबंद कार्यालयांत, घाटकोपर-अंधेरी मेट्रोत, दारे बंद करून धावणाऱ्या वातानुकूलित लोकलमध्ये आपला दिवस जातो. या डब्यांतली आणि मजल्यांवरची हवा तासात किती वेळा बदलते, हे प्रवाशांना आणि कर्मचाऱ्यांना कळले पाहिजे.

सल्ला घराच्या मापाचाही हवा. जुलै २०२० मध्ये पालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दहिसरचा आर उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि माटुंग्याचा एफ उत्तर अशा तीन विभागांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, इमारतींत १६ टक्क्यांना. असल्फाच्या टेकडीवर दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि शौचालय सार्वजनिक असते. तिथे ‘स्वतंत्र खोलीत विलग व्हा’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही. त्यांना सांगायला हवे ते असे: तापाच्या माणसाने आणि त्याच्याजवळ वावरणाऱ्याने नाकावर नीट बसणारा एन-९५ लावावा, दार-खिडकी उघडी ठेवा, शौचालयाला जातानाही मुखपट्टी काढू नका, आणि विलगीकरणासाठी जवळची कोणती शाळा उघडली आहे त्याचा हा पत्ता. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा गेला, किंवा सहा मिनिटे चालल्यावर तो घसरला, तर थांबू नका. हे शेवटचे वाक्य आरोग्य सेविकेने दारात उभे राहून सांगितले तर ऐकले जाते, हे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दिसले होते. हिंदी, गुजराती, भोजपुरी बोलणाऱ्या वस्तीत ते त्यांच्या भाषेत सांगावे लागेल.

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या आणि पुन्हा फोन खणखणू लागले, मुखपट्ट्यांची विचारणा सुरू झाली. हा विषाणू २००१ मध्येच ओळखला गेला होता आणि तो बहुतेकांना साध्या सर्दीइतकाच त्रास देतो, हे सांगणारा ओळखीचा आवाज विभागात नव्हता. जम्बो केंद्रे उतरवली हे ठीकच, ती कायम ठेवायची नव्हती. पण रोजचे पत्रक थांबले, विभागाचा क्रमांक लोकांच्या फोनमधून पुसला गेला, आणि मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर काही वर्षे नगरसेवकही नव्हते. दारावर टकटक करून विचारावे, असा माणूसच राहिला नव्हता.

आमची मागणी साधी आहे. कस्तुरबात २०२१ पासून विषाणूची जनुकीय तपासणी होते, विभागाविभागांत आरोग्य अधिकारी आहेत, जागोजागी पालिकेचा ‘आपला दवाखाना’ आहे. या दवाखान्यांच्या दारावर आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकावर दर सोमवारी विभागाचे एक पानी पत्रक लागावे: या आठवड्यात ताप-खोकल्याचे रुग्ण किती, दाखल किती, मृत्यू किती, कोणती लस कुठे मिळते, कोणती अफवा फिरते आहे आणि ती खोटी का, कुणाला फोन करायचा. साथ येण्याची वाट पाहू नये. येत्या पावसाळ्यात फ्लू, डेंग्यू, लेप्टोपासून सुरुवात करावी, म्हणजे पुढचा नवा विषाणू येईल तेव्हा लोकांना ते पत्रक वाचायची सवय लागलेली असेल. पत्रकाखाली आरोग्य अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी, आणि मागच्या आठवड्याचा आकडा चुकला असेल तर दुरुस्ती त्याच पानावर, वरच्या ओळीत छापावी.