चिलखत फुटल्यानंतर

रणगाड्याचे चिलखत म्हणजे जाड पोलाद, ही समजूत आता जुनी झाली. पोलादाच्या थरांत सिरॅमिकसारखे कठीण पदार्थ बसवतात. अमेरिकेने १९८८ पासून ‘अब्राम्स’ रणगाड्याच्या चिलखतात डिप्लीटेड, म्हणजे क्षीण युरेनियमही घातले. अणुइंधन तयार करताना उरणारा हा धातू पोलादाच्या जवळपास अडीचपट घन असतो. चिलखतात बंद असेपर्यंत त्याचा धोका कमी, कारण त्यातून निघणारे अल्फा कण कातडीही भेदू शकत नाहीत.

पण याच धातूचे तोफगोळेही बनतात. ते आदळले की धातू पेट घेतो आणि त्याची बारीक धूळ उडते. ती श्वासातून फुप्फुसात जाते. रक्तात मिसळलेले युरेनियम मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. १९९१च्या आखाती युद्धात स्वपक्षाच्याच गोळ्यांनी जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांची तपासणी वर्षानुवर्षे चालू राहिली. काहींच्या शरीरात तुकडे राहिल्याने लघवीत युरेनियम सापडत राहिले, तरी मूत्रपिंडाला मोठी इजा दिसली नाही. हा दिलासा खरा. पण फुटक्या रणगाड्यांजवळ राहणाऱ्या इराकी कुटुंबांच्या वाट्याला अशी तपासणी आली नाही.

असे गोळे कुठे वापरले, हे संबंधित देशाला कळवावे, असे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये केले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी विरोधात मत दिले. चिलखताची घडण गुप्त ठेवणे समजू शकते. मात्र विषारी धूळ कुठे पडली, हे तिथे राहणाऱ्यांपासून लपवण्याचा अधिकार कुणालाही नाही.