पदकानंतरची नव्हे, पदकाआधीची दहा वर्षे

दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ८ ऑक्टोबर २०१० रोजी कविता राऊतने दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि एक दीर्घ प्रतीक्षा संपली. १९५८ मध्ये कार्डिफ येथे मिल्खा सिंग यांनी सुवर्णपदक जिंकल्यानंतर ५२ वर्षे या स्पर्धेत ट्रॅकवरील वैयक्तिक पदक भारताच्या वाट्याला आले नव्हते. असे पदक मिळविणारी कविता ही पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये रौप्य आणि पाच हजार मीटरमध्ये कांस्यपदक पटकाविले. दहा हजार मीटरच्या सुवर्णविजेत्या प्रीजा श्रीधरनच्या मागे ती एका सेकंदापेक्षाही कमी अंतराने होती. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरातल्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी एका रात्रीत 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून घराघरांत पोहोचली.

त्यानंतर तिची जी कहाणी सांगितली गेली ती आपल्या परिचयाची आहे. पायात बूट नसणे, घरची गरिबी, डोंगरवाटा आणि अखेर विजय. या कहाणीत खोटे काही नाही; पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र फसवा आहे. गरिबी आणि डोंगर यांनीच धावपटू घडत असते, तर सह्याद्रीच्या प्रत्येक पाड्यावर एकेक पदक आले असते. तसे घडलेले नाही. सावरपाड्याच्या मुलीला वेगळे काही मिळाले असेल, तर ते म्हणजे नाशिकमध्ये वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक, जवळच्या शहरात राहून सराव करण्याची संधी आणि पुढे ओएनजीसीसारख्या सार्वजनिक उपक्रमाची नोकरी. याच प्रशिक्षकांच्या हाताखाली पुढे मोनिका आथरे घडली आणि २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका पाड्यातून एक धावपटू निघाली तर तो योगायोग म्हणता येईल. एकाच मैदानावरून एकामागून एक धावपटू निघू लागल्या, की त्याला व्यवस्था म्हणावे लागते.

तथापि ही व्यवस्थाही अपुरीच होती, हे कविताच्या पुढील कारकिर्दीवरून दिसते. २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांची होती. दूर पल्ल्याच्या धावपटूच्या बहराचा काळ त्यानंतर सुरू होतो. प्रत्यक्षात २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ती धावू शकली नाही. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ऑलिम्पिकचे दार उघडले ते २०१६ मध्ये, आणि तेही वेगळ्याच शर्यतीतून. गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून ती रिओला पात्र ठरली. रिओमध्ये मात्र तिला २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि ती १२० वी आली. तिच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण सन्मान वेळेवर पोहोचला आणि ऑलिम्पिक मात्र बहर ओसरल्यावर आले, याची नोंद घ्यावीच लागेल.

दमाच्या खेळांचे गणितच निराळे असते. हृदयाची रक्त पुरविण्याची क्षमता, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे, प्राणवायू वापरण्याची ताकद हे सारे वर्षानुवर्षांच्या अखंड सरावाने हळूहळू वाढते आणि सराव थांबला की काही आठवड्यांतच उतरू लागते. म्हणून या खेळांत थांबण्याची तयारी असलेला समाज पुढे जातो. फिनलंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अवघ्या ५५ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात बर्फावरून लांब पल्ला कापण्याचा क्रॉस-कंट्री स्कीइंग हा खेळ गावोगावच्या क्लबांत रुजला आहे. सिम्पेले या छोट्या गावची मार्या-लिसा किर्वेस्निएमी १९७६ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक खेळली. पण पदकाविना परतली. तरी तिला बाद ठरविले गेले नाही. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिम्पिकमध्ये तिने महिलांच्या तिन्ही वैयक्तिक शर्यती जिंकल्या आणि १९९४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणखी दोन कांस्यपदके मिळविली. दोन ऑलिम्पिकमधून रिकाम्या हाताने परतणाऱ्या खेळाडूला आपण सांभाळले असते काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आपल्याकडे ज्यांना असा आधार मिळाला, ते टिकले. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबरला रेल्वेची नोकरी होती. रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ मधील पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचेनच्या बर्फात तैनात राहिला आणि लष्करातच २०१५ पासून स्पर्धेत धावू लागला. २०१८ मध्ये त्याने गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षे अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला त्याचे राष्ट्रकुल सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझूला तो आशियाई विजेता झाला. मोही आणि मांडवा या दोन्ही गावांत पाणी कमी. पण दोघांच्या मागे दरमहा पगार, आहार आणि प्रशिक्षक होते.

आता हाच हिशेब आपल्या दाराशी मांडून पाहू. बोईसरजवळच्या बेटेगावच्या एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, तर पूर्वेकडे गेल्यास विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हा आदिवासी पट्टा लागतो. मोखाड्यापलीकडे जिल्ह्याची हद्द ओलांडली, की हरसूल आणि सावरपाडा आलेच. डोंगर तेच, पाऊस तोच, लोकही तेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा आदिवासी भागाचा विकास हेच त्यामागचे प्रमुख कारण सांगितले गेले. पण या पट्ट्याचे नाव आजही पहिल्यांदा आठवते ते कुपोषणाच्या संदर्भात. दमाच्या खेळात रक्तातील हिमोग्लोबिन हेच भांडवल असते आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. जिची शर्यत ताटातच हरलेली आहे, तिच्याकडून ट्रॅकवर पदकाची अपेक्षा कशी करायची?

राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते योग्यच आहे. पण त्याचा लाभ प्रावीण्य सिद्ध झाल्यावर मिळतो. खरी गरज असते ती चौदाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे नेमक्या त्या काळात, जेव्हा आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या मुलीसमोर वीटभट्टी, मजुरी किंवा लग्न हे पर्याय उभे असतात. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय जव्हारलाही आहे आणि डहाणूलाही. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत चमकणारी मुले तिथे दिसतातच. त्यांच्यासाठी एक कायमस्वरूपी प्रशिक्षक, नियमित रक्ततपासणी, पुरेसा आहार आणि दरमहा विद्यावेतन एवढे दहा वर्षे न चुकता पुरविणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्या आणि कंपन्यांनी एकेकाळी कबड्डीपटू आणि क्रिकेटपटूंना नोकऱ्या देऊन संघ पोसले. त्या परंपरेचा वारसा तारापूरच्या कारखानदारीनेही चालवायला हरकत नसावी. एका दिवसाची मॅरेथॉन, टी-शर्ट आणि छायाचित्रे यांपेक्षा दहा मुलींना दहा वर्षे सांभाळणे अधिक फलदायी ठरेल.

यातून ऑलिम्पिक पदक येईलच अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. मात्र एक गोष्ट नक्की घडेल. पुढची कविता मोखाड्यात जन्मली असेल, तर तिला धावण्यासाठी जिल्हा सोडून जावे लागणार नाही.