कडी अडकली म्हणून दारच काढायचं?

डिपार्टमेंटच्या लॅबमधलं हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. सगळा डेटा लिनक्स सर्व्हरवर, समोरची मशीन मात्र विंडोजची. वार्षिकाचं लेआऊट, शॉर्टफिल्मचं फुटेज, प्रोजेक्टच्या फायली, सगळं एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये. सबमिशन तोंडावर येतं आणि नेमकं तेव्हाच ते फोल्डर उघडेनासं होतं. मग कुणीतरी जाणकार सीनियर येतो. फायरवॉल बंद करतो, फोल्डरला ७७७ परवानगी देतो, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा. आणि विंडोजमध्ये जुनं एसएमबी-१ चालू करतो. फोल्डर उघडतं, टाळ्या पडतात. आमचा आक्षेप आहे तो या टाळ्यांना.

आधी हे प्रकरण काय ते बघू. फायली शेअर करताना विंडोज एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलमध्ये बोलतं. लिनक्सला ही भाषा बोलता येते ती सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. १९९१-९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलनं याची सुरुवात केली. हातात पुरेशी कागदपत्रं नव्हती. मग दोन मशीन एकमेकांशी काय बोलतात, ते नेटवर्कवरची पाकिटं तपासून त्यानं समजून घेतलं. म्हणजे हे सॉफ्टवेअर जन्मालाच आलं ते नीट ऐकण्यातून. आणि ते बिघडलं की आपण ऐकायचंच सोडून देतो!

याची किंमत काय असते, हे २०१७ मध्ये जगानं पाहिलं. एसएमबी-१ मधली एक पळवाट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. अनेकांनी ते टाकलं नाही. १२ मे रोजी वॉनाक्राय त्याच वाटेनं घुसला आणि ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटल्सना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. २७ जूनला नॉटपेट्या आला. त्याच्याही हत्यारांत हीच पळवाट होती. त्याचा फटका मर्स्क या शिपिंग कंपनीला बसला आणि आपल्या जेएनपीटीमधल्या तिच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

लिनक्सवाल्यांनी कॉलर ताठ करू नये. त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक गंभीर चूक सापडली. शेअरमध्ये लिहिण्याची परवानगी असलेला माणूस तिथे स्वतःची फाइल टाकून ती सर्व्हरकडूनच चालवून घेऊ शकत होता. आता ७७७ कडे परत एकदा बघा. 'कुणीही लिहा' याचा अर्थ तेव्हा काय झाला असता?

मग करायचं काय? आधी एरर नीट वाचा. 'नेटवर्क पाथ सापडत नाही' म्हणजे बहुतेक वेळा बोलणं सुरूच झालेलं नाही. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी ॲड्रेस टाकून बघा. त्यानं उघडलं तर भानगड नावाची आहे, परवानगीची नाही. नाही उघडलं, तर सांबा चालू आहे का आणि ४४५ नंबरचं पोर्ट उघडं आहे का, ते तपासा. अख्खी फायरवॉल पाडायची गरज नाही, लॅबच्या नेटवर्कपुरतं तेवढं एक पोर्ट उघडलं की भागतं.

'ॲक्सेस डिनाइड' आलं, तर उलट थोडं हायसं वाटू द्या. मशीन एकमेकांपर्यंत पोहोचलीत, नकार परवानगीचा आहे. लिनक्सवर तुमचं अकाउंट असलं तरी सांबाचा पासवर्ड सहसा वेगळा ठेवावा लागतो. परवानग्याही दोन ठिकाणी असतात, सांबाच्या सेटिंगमध्ये आणि खुद्द फोल्डरवर. दोघांचा होकार लागतो. फेडोरासारख्या लिनक्सवर एसई-लिनक्स हा तिसरा पहारेकरी असतो. सांबाच्या सेटिंग फाइलमधल्या चुका टेस्टपार्म ही कमांड दाखवते, बाकीचं बरंचसं लॉगमध्ये सापडतं.

आणि 'काल तर चालत होतं' हे खरंही असू शकतं. सांबानं २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून एसएमबी-१ आपणहून बंद ठेवलं. विंडोज ११ प्रोसुद्धा २०२४च्या मोठ्या अपडेटपासून बिनपासवर्डच्या गेस्ट शेअरला नकार देतं. हा बिघाड नाही, लावलेली कडी आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येकाला युजरनेम-पासवर्ड द्या आणि एका ग्रुपला तेवढ्याच फोल्डरची परवानगी द्या. काम अर्ध्या तासाचं आहे.

तुम्ही म्हणाल, सबमिशन उद्यावर आहे, अर्धा तास कुठून आणू? मान्य. मग त्या रात्री पेनड्राइव्हनं काम भागवा. पण सर्व्हरचं दार उघडं टाकून जाऊ नका. कारण ते नंतर कुणीच लावत नाही. सीनियर पास होऊन जातो, ७७७ तिथेच राहतं. पुढच्या बॅचची मार्कशीट, कुणाचं आधार कार्ड, कुणाची खासगी मुलाखत त्याच फोल्डरमध्ये येऊन पडते. ज्याचा डेटा आहे, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

कॉलेजांनीही थोडा विश्वास दाखवावा. शेकडो विद्यार्थ्यांमागे एखाद-दुसरा लॅब असिस्टंट असेल, तर तोही बिचारा शॉर्टकटच मारणार. लॉग वाचण्यापुरती परवानगी विद्यार्थ्यांना द्यायला काय हरकत आहे? सर्व्हरशेजारी एक साधी वही ठेवा. काय बदललं, का बदललं, कोणी बदललं, एवढंच त्यात लिहायचं. पुढच्या वेळी फोल्डर अडलं की आधी ती वही उघडा. आणि फोल्डर उघडल्यावर टाळ्या जरूर वाजवा, फक्त त्याआधी 'कशामुळे उघडलं?' एवढं विचारून घ्या.