लिट्टीला परकी म्हणणाऱ्यांस

शहराच्या खाद्यसंस्कृतीवर एका गृहस्थांचं भाषण परवा मी शेवटपर्यंत ऐकलं. आवाज चांगला, बोलणं ठसक्याचं, टाळ्याही भरपूर पडल्या. घरी आलो, जेवलो, झोपायला गेलो, तरी ते डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. छत्रपती संभाजीनगरला स्वतःची एक चव आहे: नान खलिया, गुलमंडीकडची इमरती आणि घरातली भाकरी-येसर आमटी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांमागे बाहेरची माणसं आली आणि माणसांमागे त्यांच्या गाड्या आल्या. लिट्टी-चोखा, मोमो, मंदी, कुठलं कुठलं. या खाण्यानं शहराची चव बिघडली. हे खाणं स्वस्त आहे, कारण ते निकृष्ट आहे. ते अस्वच्छ आहे. पाहुण्या पर्यटकासमोर आपल्याला त्याची लाज वाटते. तेव्हा या गाड्या हटवाव्यात आणि सिंगापूरसारखी एक नीटस खाऊगल्ली बांधून तिथे फक्त 'आपले' पदार्थ ठेवावेत.

सिंगापूरचं आधी संपवतो. सिंगापूरनं रस्त्यावरचे विक्रेते बांधीव केंद्रांत नेले हे खरं, पण नेताना त्यांना पाणी दिलं, गटार दिलं, ओटा दिला. आणि त्या केंद्रांत चिनी, मलय आणि तमिळ खाणं एकमेकांना खेटून मिळतं, कुणाला मूळ गाव विचारलं जात नाही. 2020 साली युनेस्कोनं त्या हॉकर संस्कृतीला आपल्या यादीत घेतलं ते याच सरमिसळीसाठी. गृहस्थांनी सिंगापूरच्या फरशा पाहिल्या, ताटं पाहिली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. 'आपले' हा शब्द ते भाषणात इतक्या वेळा बोलले की मी मोजणं सोडून दिलं. आपलं म्हणजे किती वर्षांचं? पदार्थाला रहिवासी दाखला किती पिढ्यांनी मिळतो? नान खलियाला तो त्यांनी देऊन टाकला. द्यायलाच हवा, माझा जीव आहे त्या पदार्थावर. रोशन गेट, शहागंजाकडच्या लग्नांत भल्या मोठ्या देगेत शिजणारा खलिया, भट्टीतून निघालेला हळदीचा पिवळाधम्मक नान आणि वर तरंगणारी लाल तर्री. ती पंगत ज्यानं चुकवली त्यानं या शहराचं अर्धं खाणं चुकवलं. पण हा पदार्थ इथे आला कसा, याबद्दल शहरात जी कथा सांगतात ती तरी गृहस्थांनी आठवायची होती. मुहम्मद तुघलकानं 1327 साली दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या लवाजम्याला आणि फौजेला एकाच वेळी जेवू घालायचं म्हणून भटारखान्यांनी रोटी आणि रश्श्याची ही जोडी जमवली, असं सांगतात. कथा खरी धरली, तर नान खलिया हे परमुलखातून, घरदार सोडून, हुकमापोटी इथे येऊन पडलेल्या माणसांचं जेवण होतं. वाळूजच्या पाळीतून सुटलेल्या बिहारी पोराचं जेवण याहून वेगळं कशात आहे?

आणि 'सातशे वर्षं तीच चव' हे जे त्यांनी छातीठोक सांगितलं, ते तर साफ चूक आहे. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानात आली सोळाव्या शतकात, तुघलकानंतर पावणेदोनशे वर्षं तरी उलटून गेल्यावर. ज्या लाल तर्रीवर आपण जीव टाकतो, ती तुघलकाच्या शिपायानं डोळ्यांनी पाहिलेली नाही. खलियानं वाटेत भेटलेली मिरची उचलली, म्हणून तो जगला आणि म्हणून तो आज इतका चांगला आहे. तीच गोष्ट आपल्या ठेच्याची. मिरची तिकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या: साबुदाणा ज्या कंदाचा तो तिकडचा, बटाटा तिकडचा, दाणे तिकडचे, मिरचीही तिकडची. आषाढी एकादशीला ती पांडुरंगाला चालते. लिट्टी मात्र गृहस्थांना चालत नाही.

शहराचंच बघा ना. खडकी गावाचं शहर केलं मलिक अंबरनं, 1610 साली. तो जन्मानं इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आलेला. त्यानं नहरी खोदल्या, त्या पाण्यावर शहर जगलं. मग मोगल आले, मग आसफजाही. निजामाची राजधानी आधी इथे होती, 1763 साली ती हैदराबादला गेली. म्हणून तहरी, खिचडी-खट्टा, डबल का मीठा यांना 'हैदराबादी' म्हणून बाजूला सारायची सोयही आपल्याला उरत नाही. मारवाडी व्यापारी कचोरी आणि दाल-बाटी घेऊन आले. फाळणीनंतर सिंधी आले, दाल-पकवान आलं. आणि ज्या मंदीला गृहस्थ 'कालपरवाचं अरबी फॅड' म्हणाले, ती मंदी येमेनमधल्या हदरमौतची. आपल्याकडचे चाऊस कुठले? निजामाच्या फौजेत शिपाईगिरी करायला हदरमौतहूनच आलेल्या अरबांचे वंशज. चाऊस मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शेतं करतात, मराठी बोलतात. म्हणजे मंदी आली ती आपल्याच शेजाऱ्याच्या पणज्याच्या गावाहून. ताटाकडे बोट दाखवण्याआधी शेजारच्या दारावरची पाटी तरी वाचावी.

हा वाद माझ्यासाठी नवा नाही. मी मूळचा परभणीकडचा; ऐंशीच्या दशकात, वाळूजला कारखाने उभे राहत होते तेव्हा, नोकरीला इथे आलो. त्या काळात पुण्याच्या एका विद्वानानं माझ्या डब्यातल्या काळ्या मसाल्याकडे बघून विचारलं होतं, तुमच्याकडे तिखटापलीकडे काही असतं का? मराठवाड्याला चवच नाही, भाकरी आणि ठेचा म्हणजे दुष्काळाचं जेवण, असं त्याचं मत. मी त्याच्याशी तास दीड तास भांडलो. धपाटे, शेंगोळे, सुशीला, भुरका, येळवशीची भज्जी आणि आंबील, हुरड्याबरोबरची ओली चटणी, एकेक नाव घेऊन भांडलो. त्याचं उत्तर ठरलेलं: हे सगळं तुमच्या घरचं हो, पण त्याला काही खाद्यसंस्कृती म्हणत नाहीत. आज चाळीस वर्षांनी माझ्याच शहरातला माणूस तेच वाक्य बिहाऱ्याला ऐकवतो आहे. शब्दही फारसे बदललेले नाहीत. हे ऐकताना मला जो संताप आला, तो मी लपवणार नाही.

आणि 'आपण कायम इथलीच ज्वारी खात आलो' हेही कुणी सांगू नये. 1972च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो रांगा लावून आपणच आणला, त्याच्या भाकरी थापल्या, त्याला नावं ठेवली आणि त्यावर जगलो. माझ्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला व्हायची. आज गृहस्थांच्या घरी रोज पोळ्या होत असतील, आणि तो त्यांना वडिलोपार्जित आहार वाटत असेल.

पण मला खरं बोलायचं आहे ते लिट्टीबद्दल, कारण त्यांनी सर्वांत जास्त तिलाच झोडपलं. रांजणगाव शेणपुंजीच्या बाजूला संध्याकाळी निखारे पेटतात तिथे मी कितीदा उभा राहिलो आहे. कणकेचा उंडा, आत भाजक्या हरभऱ्याचं सत्तू. त्यात लसूण, ओवा, कलौंजी, हिरवी मिरची, लोणच्याचा खार आणि मोहरीचं कच्चं तेल. उंडा निखाऱ्यावर फिरवत फिरवत भाजतात, फडक्यात घेऊन राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात. सोबत चोखा: निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, टोमॅटो, बटाटा, सगळं हातानं कुस्करलेलं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी तिथेच थबकलो. हे तर रोडगे होते! आमच्याकडे नवसाला, शेतातल्या जेवणाला गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात, आणि सोबत वांग्याचीच भाजी असते. घाट उतरून कन्नडपलीकडे खानदेशात गेलं की तीच बट्टी होते, वरणात कुस्करायची. मारवाड्याच्या घरी तीच बाटी. आणि चोखा म्हणजे आपल्या भरिताचा सख्खा भाऊ, फक्त त्याला मोहरीचं तेल लागलेलं. जिथे इंधन थोडं, भांडी थोडी आणि माणूस घराबाहेर रानात, तिथे कणकेचा गोळा थेट विस्तवात टाकायची बुद्धी शेतकऱ्याला, गुराख्याला, शिपायाला सगळीकडे सुचली. गंगेकाठी सुचली तशी गोदाकाठीही सुचली. एका शहरात हे चारही भाऊ पन्नास-साठ रुपयांच्या आत भेटतात, आणि गृहस्थ म्हणतात चव बिघडली! रोडगा न खाता मोठा झालेला माणूसच लिट्टीला परकी म्हणू शकतो.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, हा दुसरा आरोप. लिट्टी स्वस्त आहे कारण हरभरा आपल्याच मराठवाड्यात पिकतो, तळायला तेल लागत नाही, दुकानाचं भाडं नाही आणि घरचे दोघं-तिघं राबतात. यात निकृष्ट काय आहे ते दाखवावं. स्वस्त खाणं हलकं मानायचं असेल, तर 1995चं एक रुपयाचं झुणका-भाकर केंद्र आणि 2020ची दहा रुपयांची शिवभोजन थाळी यांनाही हलकं म्हणा, चारचौघांत म्हणा.

अस्वच्छतेचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मी नाकारत नाही. ताटल्या एकाच बादलीत बुचकळतात तेव्हा मलाही नको वाटतं. पण जायकवाडी धरण पैठणला असूनही या शहराला नळाचं पाणी वर्षानुवर्षं पाच-पाच, आठ-आठ दिवसांआड येत आलं आहे. बंगल्यात टाकी असते, गाडीवाल्याकडे बादलीच असते. आयुष्यात मला खाण्यातून एकदाच जबर विषबाधा झाली, ती झुंबरं लावलेल्या एका सभागृहातल्या मेजवानीत. गाडीवर नाही.

मोमोबद्दल एकच सांगतो: तो उकडलेला असतो, उकडीचे मोदक करणाऱ्यांनी त्याला हसू नये.

मग मला हवं आहे काय? माझी मागणी लहान आहे. 2014 साली देशानं पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. सर्वेक्षण पुरं झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि शहर विक्री समितीत चाळीस टक्के तरी सदस्य विक्रेत्यांचे असले पाहिजेत, असं तो कायदा सांगतो. तो पाळा. जिथे गाड्या लागतात तिथे नळ द्या, दिवा द्या, कचऱ्याचा डबा द्या. शाळेतल्या मुलांना पाणचक्कीची सहल घडवताना चक्की कशासाठी फिरायची तेही सांगा. 1744च्या सुमारास ती उभी राहिली ती बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहसाठी. बाबा बुखाऱ्याकडून आलेले, आणि चक्कीचं पीठ तिथल्या फकीर, मुसाफिरांच्या रोटीचं. मैलोन् मैल मातीच्या नळांतून डोंगरातलं पाणी आणलं, ते वाटसरूची भाकरी दळायला. या शहराची जी वास्तू आपण प्रत्येक पाहुण्याला दाखवतो, ते परक्या माणसाच्या जेवणाचं जातं आहे. आणि पैठण इथून तासाभरावर. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला आला, तेव्हा संत एकनाथांनी ते अन्न आधी त्यांना वाढलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पंगतीत कोण बसायचं हा प्रश्न इथे नाथांच्या अंगणात चारशे वर्षांपूर्वी निघाला होता. गृहस्थांनी नाथांचं नाव भाषणात दोनदा घेतलं, ही कथा मात्र घेतली नाही.

गृहस्थांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. त्यांनी एका गुरुवारी छावणीच्या बाजारात यावं, तिथून आपण माझ्या गाडीवर रांजणगावला जाऊ. निखारे सहाच्या सुमारास पेटतात, दिवसपाळी सातला संपते. समस्तीपूरचा एक मुलगा तिथे रोज दोन लिट्ट्या खातो आणि दोन कागदात बांधून खोलीवर नेतो. त्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी एक फोडावी. नंतर मी त्यांना माझ्या घरी रोडग्यांना बोलावीन. माझी बायको परभणीच्या पद्धतीनं वांगी करते, येसर घालून.