गोधडी, मी आणि मशीन

“एका रविवारात होते गं गोधडी, त्यात काय!” असं मी ताईला फोनवर सांगून टाकलं आणि फसले.

ताईला सातवा महिना. आमच्या घरात प्रत्येक बाळाला आजीच्या हातची गोधडी मिळते. माझी तर मी कॉलेजात जाईपर्यंत पुरली! पण आजी आता ८२ वर्षांची. सुईत दोरा ओवता येत नाही, हात थरथरतात. तिनं तिची मऊसूत सुती नऊवारी माझ्या हातात ठेवली. “ही एवढीच उरलीय. जपून हं.”

तर मंडळी, माझ्याकडे होतं काय? आईची जुनी शिलाई मशीन, उशीचे अभ्रे शिवल्याचा अनुभव आणि भरपूर कॉन्फिडन्स.

पहिला रविवार. नऊवारीचे दोन चौकोन वर-खाली, मध्ये जुनी चादर, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. एका कडेपासून सुरुवात केली आणि अर्ध्या तासात दहा ओळी! उलटून बघते तर मागे चुण्याच चुण्या. वरचं कापड शेवटी चांगलं दोन बोटं उरलेलं. कारण नंतर कळलं. मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे ढकलतात. वरचं बिचारं फूटच्या दाबाखाली मागे रेंगाळतं.

शिवायला अर्धा तास, उसवायला तीन संध्याकाळी. त्यात कात्रीचं टोक लागून नऊवारी एका जागी फाटली. पोटात गोळाच आला. हे कापड कुठल्या मॉलमध्ये मिळणार?

शेवटी आजीकडे कबुली दिली. ती रागावली नाही. म्हणाली, “अगं, मी शिवताना डावा हात खालून फिरवत राहायचे. सुरकुती आली की बोटाला कळायची. तुझ्या मशीनला बोटं आहेत का?”

नाहीत ना! म्हणजे बोटांचं काम आपणच आधी करून ठेवायचं. पुढच्या रविवारी मशीनला हातच लावला नाही. कापडं धुऊन इस्त्री केली. खालचा थर फरशीवर ताणून टेपनं चिकटवला, वर बाकीचे थर पसरले आणि दर चार बोटांवर सेफ्टी पिन लावली. खडूनं रेघा आखल्या. मशीनसाठी वॉकिंग फूट आणला. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकतं. सुई नवी, १६ नंबरची. टाका जरा लांब, ३ मिलिमीटरचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिली ओळ मधोमध, मग तिथून बाहेर कडांकडे. बाजूचा पसारा गुंडाळून ठेवायचा. कापड ओढायचं नाही, तळवे नुसते ठेवायचे. स्पीड? बैलगाडीचा!

फाटलेल्या जागी काठाचं ठिगळ लावलं. पूर्ण गोधडी आजीच्या मांडीवर ठेवली तेव्हा तिनं डोळे मिटून तिच्यावर हात फिरवला. ठिगळापाशी थांबली. “इथं ना?” मी मान हलवली. “सुई ओवून दे,” म्हणाली आणि ठिगळाच्या कडेनं सात-आठ टाके घातले. वाकडेतिकडे. माझ्या सरळ ओळींमध्ये लगेच ओळखू येतात.

गोधडी तयार आहे. फक्त एका रविवारचे पाच रविवार झाले, हे ताईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!