बहिष्कार कोणाचा, कोणावर?

परवा नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर, टपरीवर पोरं जमली. आपल्या वस्तीतल्या एका म्हातारीला बाजारातल्या दुकानदारानं हाडहूड केलेलं. पोरं पेटली. "टाका साल्यावर बहिष्कार!"

म्या म्हटलं, टाका ना बाप्पा. पण हा शब्द कोणाचा हाय, ते तर इचारा.

'बॉयकॉट' हे माणसाचं आडनाव. कॅप्टन बॉयकॉट, आयर्लंडातल्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी. १८८० साली नापिकीनं पिचलेली कुळं खंड कमी करा म्हणाली, तर यानं घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या. मजूर शेत सोडून गेले. दुकानदार सामान देईना. पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणली, त्यांच्याभोवती फौजेचा पहारा! वर्ष सरायच्या आत कॅप्टन तिथून पळाला. तिथं कुळांनी मालकाला वाळीत टाकलं.

इथं उलटं. इथं मालकच कुळाला वाळीत टाकत आला. मजुरी बंद, उधारी बंद, गिरणीवर दळण बंद. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, 'बहिष्कार' हा देशभक्तीचा मंत्र झाला. ज्याच्या अंगावर एकच फडकं, त्यानं काय जाळायचं होतं? त्याच्यासाठी हा शब्द म्हणजे चूल विझणं.

बाबासाहेबांनी तोच शब्द उचलून पाटीवर लिहिला. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चं 'बहिष्कृत भारत'. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी मागितलं, की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. व्याख्या घेतली ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्यावरून. ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक नि आर्थिक बहिष्कार स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणून लागू झाला २०१६ च्या जानेवारीत. मधली ८५ वर्षं मोजा.

मग आपण बहिष्कार टाकूच नये? तसं नाही. अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस सिटी बसमध्ये पाय ठेवला नाही. आपली धम्मदीक्षा झाली तेव्हा ते लोक पायीच चालत होते. बसचे बहुतेक उतारू तेच, म्हणून कंपनीचा गल्ला बसला. आणि आपल्याजवळ पैसा नव्हता तेव्हाही आपण नकार दिलाच की! महाडनंतर मेलेली ढोरं ओढणं सोडलं. हा बहिष्कार घामाचा होता. इतिहासाच्या पुस्तकात त्याला स्वदेशीइतकी पानं क्वचितच मिळतात. त्यापायी मार खाल्ला, बलुतं गेलं. पण ढोर सडलं मालकाच्या दारात.

म्हणून त्या पोरांना एकच विचारलं: "त्या दुकानात आपल्या वस्तीतून महिन्याला किती पैसा जाते? उधारी कोणाकोणाची हाय? उद्या त्यानं तगादा लावला त कोण भरन?"

कोणालेच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, "आमच्या मायची हाय, तेलाची."

आता दोघं वही घेऊन घरोघरी फिरतायत. गावकुसापासून सुरुवात केली आहे. वही भरली की पुन्हा टपरीवर बसू.